दौलत, वतन आणि नांगर : तुर्कस्तानच्या विचारविश्वाविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात १९२०च्या नागपूर काँग्रेस अधिवेशनावर लेख होता आणि त्यात खिलाफत चळवळीचा उल्लेख ओघाने आला होता. त्या दोन-चार ओळींवर बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रे लांब असल्याने प्रश्न थोडक्यात घेतले आहेत.

प्रश्न : नागपूरला असहकाराचा ठराव पक्का झाला, तेव्हा खिलाफतीचे रक्षण ही त्यामागची एक मोठी मागणी होती. आमच्या आजोबांनी त्या काळात विदेशी कापड जाळले होते. पुढे चारच वर्षांत तुर्कांनी स्वतःच खिलाफत मोडून टाकली. हे एकट्या केमाल पाशाच्या मर्जीने झाले, की त्यामागे काही विचारपरंपरा होती? (एक निवृत्त शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक केमाल पाशा (पुढे अतातुर्क) यांची इच्छाशक्ती नसती, तर ३ मार्च १९२४ रोजी अंकाऱ्याच्या विधिमंडळात तो कायदा मंजूर झाला नसता, हे खरे आहे. पण ज्या विचारांच्या आधारावर तो मंजूर झाला, ते त्यांच्या जन्माच्या आधीपासून इस्तंबूलच्या कचेऱ्यांत आणि छापखान्यांत घडत आले होते. त्या विचारांच्या मुळाशी एकच प्रश्न होता. तुर्की भाषेत तो ‘बु देवलेत नासल कुर्तुलुर’ असा विचारला जाई. यातला ‘देवलेत’ म्हणजे आपल्या बखरींतली ‘दौलत’. तिथे तिचा अर्थ पैसाअडका नसून राज्य असा आहे. ही दौलत कशी वाचेल, हा तो प्रश्न. तुर्कस्तानचा आधुनिक विचार ‘पूर्व की पश्चिम’ अशा जोडीने वाचण्यापेक्षा या प्रश्नाने वाचला तर अधिक नीट उलगडतो, असे माझे मत आहे. कारण युरोपचे कायदे आणू पाहणारा, शरियतीचा आधार शोधणारा आणि तुर्कपणाचा अभिमान सांगणारा, हे तिघेही बहुधा सरकारी कचेरीतून, लष्करी शाळेतून किंवा अशाच घरातून आलेले असत, आणि तिघांनाही सर्वांत आधी दौलत वाचवायची होती.

३ नोव्हेंबर १८३९ रोजी गुल्हानेच्या बागेत मुस्तफा रशीद पाशांनी सुलतानाचे फर्मान वाचून दाखवले. प्रजेचा जीव, अब्रू आणि मालमत्ता यांची हमी त्यात होती आणि महसूल इजाऱ्याने देण्याच्या पद्धतीचा निषेधही होता. तिथून ‘तंझिमात’ म्हणजे नव्या बंदोबस्ताचा काळ सुरू झाला. पण हा बंदोबस्त वरून आलेला होता. सुलतान आणि त्याचे पाशा ठरवतील तेवढाच. त्याला पहिले वैचारिक आव्हान दिले ते १८६५ साली गुप्तपणे एकत्र आलेल्या ‘नव उस्मानी’ तरुणांनी (उस्मानी म्हणजे इस्तंबूलच्या सुलतानाच्या ऑटोमन साम्राज्याचे). त्यांच्यातील नामिक केमाल हा सरकारी अनुवाद कचेरीत काम केलेला पत्रकार आणि कवी. त्याचे म्हणणे असे की, प्रतिनिधींची सभा ही युरोपची उसनवारी नाही. राज्यकारभार ‘मेश्वेरेत’ने, म्हणजे आपल्या भाषेत मसलतीने चालवा, असे कुराणातच सांगितले आहे. या मांडणीत ताण होता, कारण सार्वभौमत्व देवाचे आणि लोकांचेही, हे दोन्ही एकाच वाक्यात बसवणे सोपे नव्हते. तरीही १८७६च्या डिसेंबरात आलेल्या पहिल्या राज्यघटनेला वैचारिक बळ मिळाले ते याच मांडणीचे.

सुलतान दुसरे अब्दुल हमीद यांनी १८७८ साली संसद बंद केली आणि पुढची तीस वर्षे ती उघडली नाही. आपल्याकडच्या खिलाफत चळवळीला ज्या खलिफापदाविषयी इतका जिव्हाळा वाटत होता, त्या पदाला जगभरच्या मुसलमानांच्या नेतृत्वाचे रूप मुद्दाम उजळून देण्याचे काम याच सुलतानाने केले. प्रांत हातचे जात असताना दौलत वाचवण्याचा तो त्याचा मार्ग होता.

दौलत वाचवण्याच्या अशा निरनिराळ्या मार्गांची थेट तुलना १९०४ साली युसुफ अक्चुरा या लेखकाने केली. तो रशियातील व्होल्गाकाठचा तातार असल्यामुळे साम्राज्याकडे थोडे बाहेरून पाहू शकत होता. कैरोच्या एका तुर्की पत्रात त्याने लिहिले की, तीन वाटा आहेत : सर्व धर्मांच्या प्रजेचे एक उस्मानी राष्ट्र, सर्व मुसलमानांची एकजूट, किंवा तुर्कांचे तुर्क म्हणून राष्ट्र. पहिली वाट निष्फळ आहे, असे त्याचे म्हणणे होते आणि १९१२-१३च्या बाल्कन युद्धांनी ते खरे ठरवले. १९१६च्या अरब बंडानंतर दुसरीही अंधारली. तिसरी वाट उरली, पण तिची किंमत फार भयंकर होती. १९१५मध्ये आर्मेनियन लोकांची जी हद्दपारी आणि कत्तल झाली, आणि १९२३च्या करारानुसार ग्रीस व तुर्कस्तान यांच्यात धर्माच्या निकषावर ज्या लाखो लोकांची सक्तीने अदलाबदल झाली, ती बाजूला ठेवून या विचाराचे मोल करता येणार नाही. दौलतीचा प्रश्न ‘दौलत कोणाची’ या टोकाला गेला की काय घडते, ते तिथे दिसले.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. १ नोव्हेंबर १९२२ रोजी सुलतानपद रद्द झाले, पण खलिफापद राहिले. वर्षभराने आगाखान आणि न्यायमूर्ती अमीर अली यांनी खलिफाची प्रतिष्ठा राखावी असे पत्र पंतप्रधान इस्मत पाशांना पाठवले. ते अंकाऱ्याला पोहोचण्यापूर्वीच इस्तंबूलच्या वर्तमानपत्रांत छापले गेले आणि परक्यांनी आपल्या कारभारात हात घातला म्हणून मोठा गदारोळ उठला. हिंदी मुसलमान नेत्यांकडून पदाच्या रक्षणासाठी गेलेल्या शब्दानेच ते पद जाण्याची घाई झाली, ही माझ्या मते त्या सगळ्या घटनाक्रमातील सर्वांत दुःखद गोष्ट आहे. आणि ३ मार्च १९२४ला विधिमंडळात निर्णायक भाषण केले ते कुणा पाखंड्याने नव्हे, तर इस्लामी धर्मशास्त्राचे पंडित आणि न्यायमंत्री सय्यद बेय यांनी. त्यांचा युक्तिवाद असा : खिलाफत हे लोकांनी दिलेले ‘वेकालेत’ आहे. आपण त्याला वकीलपत्र म्हणू. ज्याने वकीलपत्र दिले तो ते परत घेऊ शकतो. म्हणजे खिलाफत संपवण्याचे समर्थन धर्मशास्त्राच्या परिभाषेतूनच करण्यात आले. नामिक केमालच्या मसलतीपासून सय्यद बेय यांच्या वकीलपत्रापर्यंतचा हा धागा लक्षात घेतला, तर ‘एकट्याच्या मर्जीने’ असे म्हणता येणार नाही.

प्रश्न : तुर्की भाषेत देशाला ‘वतन’ म्हणतात असे वाचले. आमच्याकडे वतन म्हणजे पाटीलकीची किंवा देशमुखीची जमीन. एकाच शब्दाचे दोन अर्थ कसे झाले? आणि तुर्कांनी असे शब्द भाषेतून काढून टाकले, हे खरे का? (एम.ए.ची विद्यार्थिनी, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : शब्द अरबी आहे आणि मूळ अर्थ राहण्याचे, जन्माचे ठिकाण असा आहे. फारसीतून मराठीत येताना त्याला वंशपरंपरागत हक्काचा अर्थ चिकटला आणि वऱ्हाडातल्या कज्जेदलालीत तो रुळला. तुर्कीत तो बराच काळ ‘आपले गाव, आपला मुलूख’ एवढाच होता. १८७३ साली नामिक केमालचे ‘वतन’ याच शब्दाने सुरू होणाऱ्या नावाचे नाटक इस्तंबूलच्या रंगभूमीवर आले आणि प्रेक्षक रस्त्यावर घोषणा देत निघाले. त्यात सैनिक लढतो ते सुलतानासाठी नव्हे, वतनासाठी. सरकारला यातला धोका लगेच कळला आणि नाटककाराची रवानगी सायप्रसच्या फामागुस्ता येथे झाली. एका शब्दाचा अर्थ रुंदावल्याबद्दल माणसाला तीन वर्षे समुद्रापलीकडे काढावी लागली.

असेच इतर शब्दांचे झाले. ‘हुर्रियेत’ म्हणजे गुलाम नसणे. ते राजकीय स्वातंत्र्य झाले. ‘मिल्लेत’ म्हणजे धर्माने बांधलेला समाज. ते राष्ट्र झाले. यातला मला सर्वांत भावलेला शब्द ‘हर्स’ हा आहे. दियारबाकरला जन्मलेले समाजशास्त्रज्ञ झिया गोकाल्प (१८७६–१९२४) यांना फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीम यांच्या वाचनातून संस्कृतीसाठी एक शब्द हवा होता. त्यांनी अरबीतला नांगरणीचा, मशागतीचा शब्द उचलला. हर्स प्रत्येक राष्ट्राचा स्वतःचा असतो, तो लोकांच्या बोलीत, गाण्यांत, चालीरीतींत असतो. ‘मेदेनियेत’ म्हणजे नागरी सुधारणा मात्र अनेक राष्ट्रांची सामायिक असते आणि ती घेता येते, अशी त्यांची मांडणी होती. तुर्क राष्ट्राचे, इस्लाम धर्माचे आणि युरोपीय सुधारणेचे एकाच वेळी होता येईल, हा त्यांचा दिलासा होता. नांगरलेले शेत आणि त्यात पेरायला आणलेले बियाणे यांची अशी वाटणी खरोखर करता येते का, याविषयी मला शंका आहे. कारण बाहेरचे बियाणे आले की मशागतीची रीतही बदलते, हे कपाशी पिकवणाऱ्या आपल्या मुलखाला वेगळे सांगायला नको. तरीही पुढच्या पिढ्यांनी, विरोधकांनीसुद्धा, याच दोन शब्दांनी वाद घातला.

शब्द काढून टाकल्याचे खरे आहे. १ नोव्हेंबर १९२८च्या कायद्याने अरबी लिपी जाऊन लॅटिन लिपी आली आणि १९३२ साली भाषा संस्था स्थापन होऊन अरबी-फारसी शब्दांच्या जागी तुर्की धातूंपासून शब्द घडवणे सुरू झाले. ‘हुर्रियेत’चे ‘ओझ्ग्युर्ल्युक’ झाले, ‘मिल्लेत’ला ‘उलुस’ हा पर्याय आला. ‘हर्स’च्या जागी फ्रेंच वळणाचा ‘क्युल्त्युर’ रुळला आणि शुद्ध तुर्की पर्याय म्हणून ‘एकिन’ सुचवला गेला, ज्याचा अर्थ शेतातले पीक! आपल्याकडे शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला आणि विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली, त्यामुळे मराठी वाचकाला हे अगदी अनोळखी नाही. मात्र आपल्याकडे राज्यसत्तेने लिपी एका फटक्यात बदलली नाही. ज्यांच्या घरी मोडीतले जुने कागद आहेत आणि वाचणारा कुणी उरला नाही, त्यांनी तसे सगळ्या ग्रंथालयाचे झाले आहे अशी कल्पना करावी. केमाल पाशांनी १९२७च्या ऑक्टोबरात सहा दिवस जे प्रदीर्घ भाषण केले, तेसुद्धा पुढे नव्या तुर्कीत उतरवून घ्यावे लागले. १९४५ साली राज्यघटना नव्या शब्दांत लिहिली गेली आणि १९५२ साली दुसऱ्या पक्षाच्या सरकारने जुनी शब्दयोजना परत आणली. तेव्हापासून माणूस स्वातंत्र्यासाठी कोणता शब्द वापरतो यावरून त्याचे राजकारण ओळखता येऊ लागले.

या तुटलेपणाची वेदना ज्यांनी सर्वांत तीव्रतेने मांडली, त्या जेमिल मेरिच (१९१६–१९८७) यांची दृष्टी वयाच्या चाळिशीच्या आतच गेली होती. पुढचे सारे वाचन आणि लेखन त्यांनी इतरांकडून वाचून घेऊन आणि मजकूर सांगून केले. १९६४ साली त्यांनी भारतीय साहित्यावर एक ग्रंथ लिहिला. युरोपकडे टक लावून बसलेल्या आपल्या पिढीला आशियात दुसराही एक मोठा विचार आहे, हे त्यांना दाखवायचे होते. ‘वतन’ हा शब्द मात्र सगळ्या छाटणीतून वाचला.

प्रश्न : शेवटच्या खलिफाची मुलगी वऱ्हाडची राणी होती, असे आमच्याकडे म्हातारी माणसे सांगत. यात तथ्य आहे का? (एक वाचक, अचलपूर, जि. अमरावती)

उत्तर : राणी नव्हे, पण तथ्य आहे. शेवटचे खलिफा अब्दुल मजीद यांची कन्या दुर्रूशेहवार हिचा विवाह १९३१च्या नोव्हेंबरात फ्रान्समधील नीस येथे हैदराबादच्या निजामाचे थोरले पुत्र आझम जाह यांच्याशी झाला. वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे असला तरी निजामाची नाममात्र सत्ता मान्य होती, आणि म्हणून १९३६ साली आझम जाह यांना ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. त्या नात्याने त्या ‘प्रिन्सेस ऑफ बेरार’ झाल्या. हद्दपार खलिफांना निजामाकडून तनखाही मिळत असे. हे अब्दुल मजीद स्वतः उत्तम चित्रकार होते आणि जनानखान्यातल्या स्त्रिया बीथोव्हेनचे संगीत वाजवत आहेत असे त्यांचे एक प्रसिद्ध चित्र आहे. खलिफा म्हणजे जुने जग आणि प्रजासत्ताक म्हणजे नवे जग, अशी सरळ विभागणी मनात असेल तर ते चित्र अवश्य पाहावे.

प्रश्न : तुर्कस्तान निधर्मी आणि भारतही निधर्मी, मग फरक काय? (एक वाचक, ता. काटोल, जि. नागपूर)

उत्तर : तिथला शब्द ‘लाइक्लिक’ फ्रेंचमधून आलेला आहे, पण व्यवहार फ्रान्ससारखाही नाही. ज्या दिवशी खिलाफत गेली, त्याच दिवशी धर्मव्यवहाराचे सरकारी खाते स्थापन झाले. तेव्हापासून मशिदीतील इमाम हा सरकारचा पगारी नोकर आहे. म्हणजे तिथे राज्य धर्मापासून दूर झाले नाही. राज्याने धर्माला आपल्या कचेरीत बसवले. १९३२पासून बांगसुद्धा तुर्कीत देण्याची सक्ती झाली आणि १९५०मध्ये ती उठेपर्यंत खेड्यापाड्यांत तिचा सल राहिला. उलट बाजूने पाहिले तर हे खाते सुन्नी परंपरेचे असल्यामुळे अलेवी पंथाच्या मोठ्या समाजाला त्यात जागा मिळाली नाही, आणि ही तक्रार आजही जिवंत आहे. भारतीय घटनेने राज्याला असा एका धर्माचा कारभारी केलेले नाही. दौलत वाचवण्यासाठी धर्म मोकळा सोडणे परवडणार नाही, ही अब्दुल हमीद यांची धारणा प्रजासत्ताकानेही वेगळ्या रूपात चालू ठेवली, असे मी म्हणेन.

प्रश्न : आपल्या लेखात आणि इतरत्रही पाशा, संपादक, प्राध्यापक यांचीच नावे असतात. तिथला कास्तकार या विचारात कुठे आहे? (एक शेतकरी, ता. चिमूर, जि. चंद्रपूर)

उत्तर : फार उशिरा आला, आणि आला तेव्हाही आधी दुसऱ्यांच्या लेखणीतून आला. १९२७च्या जनगणनेत तुर्कस्तानची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३६ लाख होती आणि शंभरात जेमतेम दहा माणसे साक्षर होती. ‘हल्कचिलिक’ म्हणजे लोकवाद हे सत्ताधारी पक्षाच्या सहा तत्त्वांपैकी एक होते आणि १९३७ साली ती सहाही तत्त्वे घटनेत गेली. पण या लोकांशी बोलायचे कसे, हे शहरातल्या सुशिक्षिताला माहीत नव्हते. याकूप कद्री यांनी १९३२ साली एक कादंबरी लिहिली. तिचा नायक युद्धात एक हात गमावलेला अधिकारी आहे. तो अनातोलियाच्या एका खेड्यात राहायला जातो आणि गावकरी त्याला शेवटपर्यंत परकाच मानतात. तिच्यावर खेडुतांना मागास दाखवल्याचा आरोप झाला. मला मात्र ती आजही प्रामाणिक वाटते, कारण लेखकाने त्या दरीचा दोष शेवटी खेडुताला न देता सुशिक्षितालाच दिला आहे : या जमिनीसाठी, या माणसासाठी तू काय केलेस, असा तो प्रश्न आहे.

उत्तराचा एक प्रयत्न १७ एप्रिल १९४०च्या कायद्याने झाला. शिक्षणमंत्री हसन अली युजेल आणि प्राथमिक शिक्षणाचे प्रमुख इस्माईल हक्की तोंगुच यांनी ग्राम-संस्था उभारल्या. पाच वर्गांपर्यंत शिकलेल्या खेड्यातल्या मुलामुलींना तिथे पाच वर्षे ठेवायचे, शिकवायचे आणि शिक्षक म्हणून परत खेड्यात पाठवायचे, अशी योजना होती. निम्मा वेळ पुस्तकी विषय, पाव वेळ शेती, पाव वेळ बांधकाम, लोहारकी, शिवणकाम यांसारखी कामे. विद्यार्थ्यांनी इमारती स्वतः बांधल्या, आणि त्याच सुमारास सरकारने अनुवादून घेतलेले जगातले शेकडो अभिजात ग्रंथ तिथल्या पोरांच्या हाती पडले. अशा २१ संस्थांमधून सुमारे १७ हजार शिक्षक बाहेर पडले.

वर्ध्यात १९३७च्या ऑक्टोबरात जी शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने जी नई तालीम आखली, तिच्याशी याचे साम्य लगेच जाणवते. हात आणि पुस्तक यांची फारकत दोन्हीकडे अमान्य होती. पण सेवाग्रामची कल्पना सत्तेबाहेरून, गावाच्या स्वावलंबनाच्या स्वप्नातून आली होती, तर तिकडे राज्याने आपला हात खेड्यापर्यंत लांबवला होता. १९४२च्या कायद्याने प्रत्येक गावकऱ्याला शाळेच्या बांधकामासाठी वर्षाला २० दिवस राबणे सक्तीचे झाले. ज्याच्या घरी आधीच दोन हात कमी, त्याला हे वेठीसारखे वाटले यात नवल नाही. जमीनदारांना शिकलेला खेडूत नको होता, हे तर खरेच. पण त्या शाळा टिकल्या नाहीत याचे कारण फक्त जमीनदारांत शोधणाऱ्या लेखनाशी मी सहमत नाही. १९५०च्या मे महिन्यात पहिल्या खऱ्या स्पर्धेच्या निवडणुकीत खेड्यांनी सत्ताधारी पक्षाला पाडले, त्यात या वेठीची आणि पोलिसी जाचाची आठवण होती. नव्या सरकारने १९५४ साली त्या संस्था मिटवून टाकल्या.

या दरीला सिद्धान्ताचे रूप समाजशास्त्रज्ञ शेरीफ मार्दिन यांनी १९७३ साली दिले. केंद्रातले नोकरशहा आणि परिघावरचा समाज हाच तुर्की राजकारणाचा मुख्य ताण आहे, असे त्यांनी मांडले. धार्मिक पक्षांचा पुढचा उदय समजून घेताना त्यांचे म्हणणे फार वापरले गेले, कधी कधी प्रमाणाबाहेर. परिघावरही जमीनदार आहे आणि भूमिहीन आहे, दक्षिण तुर्कस्तानातील चुकुरोवाच्या कापसाच्या शेतात मालक आहे आणि वेचणीला आलेला मजूर आहे, हे त्या एका रेषेत मावत नाही. डाव्या बाजूने तो भेद राजकारणात आणला. बुलेंत एजेवित हे पुढे पंतप्रधान झाले. तरुणपणी, १९४१ साली, त्यांनी टागोरांची गीतांजली तुर्कीत आणली होती. त्यांची घोषणा ‘तोप्राक इश्लेयेनिन, सु कुल्लानानिन’ ही होती : कसेल त्याची जमीन, वापरेल त्याचे पाणी. पहिला अर्धा भाग तुमच्या-माझ्या कानावर कुळकायद्याच्या काळापासून आहे. दुसरा अर्धा आपल्याकडे अजून कुणी इतक्या स्पष्टपणे म्हटलेला माझ्या ऐकण्यात नाही.

आणि कास्तकाराचा स्वतःचा आवाज? तो १९५०च्या जानेवारीत आला. इव्रिझच्या ग्राम-संस्थेतून बाहेर पडलेला महमूत मकाल हा विशीही न ओलांडलेला खेड्यातला मास्तर. त्याने ‘बिझिम क्योय’, म्हणजे ‘आपले गाव’, या नावाने आपल्या टिपणांचे पुस्तक छापले. थंडीत जळण नाही म्हणून शेणाच्या गोवऱ्यांवर कसे भागवतात, भाकरी किती पुरते, मुले शाळेत का येत नाहीत, एवढेच त्यात लिहिले होते. दौलत कशी वाचेल याविषयी त्यात एक शब्द नव्हता. पुस्तक हातोहात खपले आणि त्याला काही काळ अटक झाली.